खाणीच्या पैशावर पीएच.डी.

आज जगातल्या मोठ्या तांब्याच्या खाणींतून निघणाऱ्या दगडात तांबे असते साधारण अर्धा ते एक टक्का. एक टन दगड सुरुंग लावून फोडायचा, वर आणायचा, दळायचा आणि त्यातून पाच ते दहा किलो तांबे मिळवायचे. उरलेले नऊशे नव्वद किलो टाकून द्यायचे, आणि तेही नदी-नाल्यात जाणार नाही अशा बेताने. विजेच्या तारेपासून मोबाइलपर्यंत आपल्या हातात असलेल्या प्रत्येक तांब्याच्या धाग्यामागे हा उपद्व्याप उभा आहे.

त्यातला सर्वांत खर्चिक टप्पा दळण्याचा. खनिजाचा कण भोवतालच्या दगडापासून सुटा व्हायचा, तर दगड पिठासारखा बारीक व्हावा लागतो. पोलादी गोळ्यांनी भरलेली अवाढव्य पिंपे रात्रंदिवस फिरत राहतात. खाणीच्या एकूण विजेचा मोठा वाटा, कित्येक ठिकाणी निम्म्याच्या आसपास, इथेच खर्च होतो. दळलेला दगड पाण्यात कालवून त्यात रसायने घालतात आणि खालून हवा सोडतात. तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात, फेसाबरोबर काढून घेतले जातात, आणि साधा दगड खाली राहतो. दहावीच्या विज्ञानात आपण हीच ‘फेनतरण पद्धत’ आकृतीसह पाठ केलेली असते. आकृतीत ती सोपी दिसते. प्रत्यक्षात कण किती बारीक हवा, बुडबुडा किती मोठा हवा, पाण्याची आम्लता किती असावी, यांतल्या एकाचे गणित चुकले तरी धातू टाकाऊ गाळाबरोबर वाहून जातो.

हे गणित कोण सोडवते? कारखान्यातल्या इंजिनिअरला रोजचे उत्पादन सांभाळायचे असते. शिफ्ट चालू असताना ‘असे का होते’ हे शोधत बसायला त्याला सवड नसते. विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडे सवड असते, पण त्याच्या प्रयोगशाळेत दिवसाला लाख टन दगड दळणारी गिरणी नसते. या दोघांच्या मधली जागा गेली कित्येक दशके एका तिसऱ्याच माणसाने भरून काढली आहे. तो म्हणजे खाणकंपनीच्या शिष्यवृत्तीवर पीएच.डी. करणारा विद्यार्थी. ही पद्धत जिथे सर्वांत नेटाने रुजली, त्या ऑस्ट्रेलियात तिची वाटचाल पाहिली की अशा पैशाने काय साधते आणि काय साधत नाही, हे स्पष्ट होते.

एक टक्क्याची किंमत

कंपनी विद्यार्थ्यावर पैसा खर्च करते यामागे व्यवहार आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एक कारखाना दिवसाला एक लाख टन दगड दळतो आणि त्यात ०.६ टक्के तांबे आहे. म्हणजे रोज ६०० टन तांबे कारखान्यात शिरते. त्यातले ८८ टक्के हाती येते, बाकीचे गाळात जाते. हे प्रमाण ८८ वरून ८९ झाले, तर रोज सहा टन तांबे जास्त मिळेल. टनाला ९,००० अमेरिकन डॉलर भाव धरला, तर दिवसाचे ५४,००० डॉलर झाले.

आता दुसरी बाजू. ऑस्ट्रेलियात पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सरकारी योजनेतून मिळणारी किमान शिष्यवृत्ती २०२४ मध्ये वर्षाला सुमारे ३२,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होती. म्हणजे एका टक्क्याच्या सुधारणेने एका दिवसात जे जास्तीचे तांबे मिळेल, त्याच्या किमतीत एका विद्यार्थ्याचे वर्ष निघते आणि वर पैसे उरतात. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाने प्रमाण एक टक्क्याने वाढेलच, असे कोणी सांगू शकत नाही. पण दहा प्रबंधांपैकी एकाने जरी ते वाढले, तरी बाकीच्या नऊंचा खर्च भरून निघतो. खाणकंपन्यांना हा हिशेब फार लवकर उमगला.

ब्रोकन हिलचे ढिगारे आणि मेलबर्नचा बुडबुडा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातले ब्रोकन हिल हे शिसे, चांदी आणि जस्ताच्या खाणींचे गाव. १८८३ मध्ये तिथे साठा सापडला आणि दोन वर्षांनी ब्रोकन हिल प्रोप्रायटरी, म्हणजे आजची बीएचपी, ही कंपनी निघाली. शिशाचे खनिज जड असल्याने ते पाण्यात धुऊन वेगळे करता येई. जस्ताच्या खनिजाचे वजन मात्र भोवतालच्या दगडांच्या जवळपास जाणारे, त्यामुळे ते वेगळे निघत नसे आणि सगळे टाकाऊ ढिगाऱ्यावर जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावाभोवती जस्ताने भरलेले लक्षावधी टनांचे ढिगारे साठले होते. मालक डोळ्यांनी संपत्ती पाहत होते, पण ती हाती लागत नव्हती.

या ढिगाऱ्यांनीच फेनतरणाला जन्म दिला, असे म्हटले तरी चालेल. तेल, आम्ल, हवा असे नाना प्रयोग करून तिथल्या तंत्रज्ञांनी जस्त फेसावर चढवून दाखवले. पद्धत चालली, कारखाने उभे राहिले, पण ती का चालते हे नीट कोणालाच ठाऊक नव्हते. एका खाणीत उत्तम चाललेले रसायन दुसऱ्या खाणीत फसायचे, आणि मग अंदाजाने काही थेंब कमी, काही थेंब जास्त असे चालायचे. १९२० च्या दशकात झँथेट नावाची रसायने आली. त्यांनी काम सुधारले, पण गूढ वाढवले.

इयन वार्क हा तरुण रसायनशास्त्रज्ञ १९२६ मध्ये इलेक्ट्रोलिटिक झिंक कंपनीत रुजू झाला. वार्क स्वतः शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन शिकून आला होता. काही खाणकंपन्यांनी एकत्र येऊन पैसा दिला आणि मेलबर्न विद्यापीठात फेनतरणाच्या मुळाशी जाणारे संशोधन सुरू झाले. वार्क आणि त्याचे सहकारी कॉक्स यांनी वापरलेली पद्धत आजही विद्यार्थ्यांना शिकवली जाते. खनिजाचा एक तुकडा घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा, रसायन घातलेल्या पाण्यात बुडवायचा आणि त्याच्या पृष्ठभागावर हवेचा एक बुडबुडा टेकवायचा. बुडबुडा निसटला, तर ते खनिज तरंगणार नाही. चिकटला, तर दगड आणि बुडबुडा यांच्यामधला कोन मोजायचा. रसायन बदला, आम्लता बदला, सायनाइडची मात्रा बदला आणि पुन्हा मोजा. कोणत्या आम्लतेपाशी बुडबुडा सुटतो याचे आलेख तयार झाले आणि कारखान्यातल्या अंदाजाला पहिल्यांदा आधार मिळाला.

१९३८ मध्ये वार्कचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ फ्लोटेशन’ हे पुस्तक निघाले. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी दिलेल्या पैशातून झालेले काम छापील पुस्तक होऊन सगळ्या जगाला मिळाले. पैसा देणाऱ्यांचे त्यात काही बुडाले नाही. प्रत्येकाच्या कारखान्यातले जस्त आणि शिसे पूर्वीपेक्षा नीट वेगळे होऊ लागले. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही हे सुभाषितांत वाचणे निराळे. इथे ताळेबंद पाहणाऱ्या माणसांनी ते पैसे मोजून करून दाखवले.

पट्टा थांबवणारी शिष्यवृत्ती

१९५९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या खाणकंपन्यांनी मिळून एक संशोधन संघटना काढली. तिचे नाव ‘अमिरा’. नफा कमावणे हा तिचा हेतू नव्हता. अनेक कंपन्यांना सतावणारा एक प्रश्न निवडायचा, प्रत्येकीने थोडा थोडा पैसा घालायचा, विद्यापीठाकडून काम करून घ्यायचे आणि निष्कर्ष सर्वांनी वापरायचे, एवढेच तिचे काम. अमिराच्या प्रकल्पांना ‘पी’ अक्षर आणि क्रमांक असतो. त्यातला ‘पी-९’ हा प्रकल्प १९६२ मध्ये ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने पन्नासहून अधिक वर्षे चालला. खनिज उद्योगाच्या पैशावर इतकी वर्षे चाललेले दुसरे विद्यापीठीय काम शोधून सापडणे कठीण आहे.

पी-९ उभा करणारा माणूस म्हणजे अल्बन लिंच. विद्यापीठात येण्याआधी लिंच ब्रोकन हिलच्या कारखान्यात काम करून आले होते. गिरणीचे गणित प्रयोगशाळेतल्या छोट्या पिंपावर मांडले तर मोठ्या गिरणीला लागू पडत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. म्हणून त्यांनी एक पायंडा पाडला. विद्यार्थ्याने विद्यापीठात नाव नोंदवायचे, पण संशोधन खाणीवर जाऊन करायचे. ब्रिस्बेनपासून दूर, क्वीन्सलंडच्या वायव्य टोकाला असलेल्या माउंट आयझासारख्या गावी विद्यार्थी महिनोन् महिने राहू लागले. प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी विद्यापीठात पहिला संगणकही आला. खाणीवरून आणलेल्या आकड्यांना हे यंत्र वेळेवर मिळाले.

तिथे विद्यार्थी काय करतो, ते जवळून पाहू. त्याला गिरणीचा ‘सर्व्हे’ घ्यायचा असतो. आधी काही तास गिरणी एका चालीवर स्थिर ठेवायला सांगायची. दगडाची आवक, पाणी, मोटरची ताकद, सगळे एका पातळीवर आले की काम सुरू. हातात लांब दांड्याचा नमुना काढायचा डबा घेऊन वाहत्या गाळाच्या धारेखालून तो एका वेगाने, धारेच्या या काठापासून त्या काठापर्यंत न्यायचा. मध्येच थांबला तर नमुना एका बाजूचा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. दर दहा-पंधरा मिनिटांनी हेच, आणि गिरणीच्या सर्व तोंडांशी एकाच वेळी, म्हणून मदतीला चार-पाच माणसे लागतात. शेजारी टांगलेल्या मार्सी काट्यावर एक लिटरचा डबा गाळाने भरून अडकवला की घनपदार्थ किती टक्के आहे ते काटा तिथेच दाखवतो. पुढे बादल्या भरभरून नमुने गाळून, भट्टीत वाळवून, एकावर एक रचलेल्या चाळण्यांतून चाळायचे. सर्वांत बारीक चाळणीचे भोक ३८ मायक्रॉनचे, केसाच्या जाडीहून लहान. प्रत्येक चाळणीवर किती ग्रॅम उरले, याची नोंद. एका सर्व्हेचे नमुने चाळून संपवायला दिवसच्या दिवस जातात.

या सगळ्यात एक क्षण महत्त्वाचा असतो. गिरणीत नेमका कोणत्या आकाराचा दगड चालला आहे हे कळण्यासाठी, दगड वाहून नेणारा पट्टा भरलेल्या अवस्थेत एकदम थांबवावा लागतो. मग पट्ट्यावरचा ठरावीक लांबीचा तुकडा आखून त्यावरचा कण न् कण, मोठ्या धोंड्यांपासून धुळीपर्यंत, झाडून गोळा करतात. तेवढा वेळ गिरणीला दगड मिळत नाही. व्यवस्थापकाच्या दृष्टीने ते बुडालेले उत्पादन असते. एका विद्यार्थ्याच्या नमुन्यासाठी कारखाना पट्टा थांबवतो, तेव्हा त्या कंपनीने दिलेली खरी शिष्यवृत्ती दिसते. महिन्याचा पैसा कोणतीही संस्था देऊ शकते. चालू कारखान्याचे दार उघडणे, सुरुंग फुटतो तिथपासून गाळ जातो तिथपर्यंत फिरू देणे आणि पट्टा थांबवणे, हे फक्त खाणकंपनीच देऊ शकते.

अशा शेकडो सर्व्हेंच्या आकड्यांवरून पी-९ च्या विद्यार्थ्यांनी गिरण्यांची आणि वर्गीकरण यंत्रांची गणिती प्रारूपे बांधली. १९७० मध्ये विद्यापीठाने ज्युलियस क्रुटश्निट खनिज संशोधन केंद्र स्थापन केले. क्रुटश्निट यांनी माउंट आयझाची खाण उभी केली होती. इंडुरुपिली उपनगरातल्या एका जुन्या चांदी-शिशाच्या खाणीच्या जागेवर हे केंद्र उभे राहिले. प्रबंधांतून निघालेली गणिते पुढे ‘जेके-सिममेट’ या संगणक-प्रणालीत बसवली गेली. नवी गिरणी बांधण्याआधी ती कागदावर चालवून पाहण्यासाठी जगभरचे इंजिनिअर आज तिचा उपयोग करतात. खाणीवर बादल्या वाहणाऱ्या मुलांच्या वह्या अशा रीतीने उद्योगाच्या रोजच्या वापरात आल्या.

पैसा कसा येतो

अशी शिष्यवृत्ती अनेक वाटांनी येते. पहिली वाट पी-९ ची: कंपन्यांचा सामायिक निधी. दुसरी वाट वरकड रकमेची. विद्यार्थ्याला सरकारी शिष्यवृत्ती असते, कंपनी तिच्यावर काही हजार डॉलर जास्त देते, म्हणजे त्याला घरभाड्यासाठी रात्री हॉटेलात काम करावे लागत नाही. तिसरी वाट सरकार आणि उद्योग यांच्या भागीदारीची. कंपनी रोख रक्कम देते, शिवाय यंत्रे, नमुने आणि आपल्या अनुभवी माणसाचा वेळ देते, आणि सरकार त्याला आपली भर घालते.

ही तिसरी वाट पर्थमध्ये विशेष रुंद झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियात बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढणारे मोठे कारखाने आहेत, सोने आहे, निकेल आहे. या सर्वांत दगड विरघळवून धातू काढायचा असतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारच्या सहकारी संशोधन केंद्रांच्या योजनेतून मर्डॉक विद्यापीठाच्या आधाराने जलधातुविज्ञानाचे पार्कर केंद्र सुरू झाले. कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारी प्रयोगशाळा एकत्र बसून प्रश्न ठरवत. अ‍ॅल्युमिनाचे स्फटिक नेमके किती वेगाने वाढतात, मागे उरणारा लाल चिखल पाण्यात लवकर खाली का बसत नाही, सोने विरघळवणाऱ्या सायनाइडचा खप कशाने वाढतो, असे ते प्रश्न. प्रत्येक प्रश्नावर एक विद्यार्थी. त्याचा एक मार्गदर्शक विद्यापीठात, दुसरा कारखान्यात.

दोन मार्गदर्शक असण्याने विद्यार्थ्याची ओढाताण होते. एकाला शोधनिबंध हवा असतो, दुसऱ्याला पुढच्या तिमाहीत उपयोगी पडेल असे उत्तर. पण दोघांना एकाच वेळी पटेल असे बोलायला शिकणे हेही या शिक्षणात येते. म्हणूनच या वाटेने गेलेले विद्यार्थी पुढे त्याच कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि वर्गांत मोठ्या जागांवर दिसतात.

कराराची कलमे

पैसा देणारा प्रश्नही निवडतो. या पद्धतीतली ही सर्वांत मोठी अडचण आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. धातू जास्त कसा मिळवावा यावर संशोधन करायला कंपनी आनंदाने पैसा देते. टाकलेल्या गाळाचे काय होते यावर पैसा द्यायला पूर्वी फारसे कोणी उत्सुक नसे. २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या मारियाना इथे आणि २०१९ मध्ये ब्रुमाडिन्यो इथे लोहखनिजाच्या गाळाचे बंधारे फुटले. ब्रुमाडिन्योत २७० माणसे गेली. त्यानंतर गाळ कोरडा करणे, दगड कमी दळून जाड कणच तरंगवणे, पाणी वाचवणे या विषयांना उद्योगाचा पैसा मिळू लागला. इतकी माणसे जाण्याआधीच हा पैसा मिळायला हवा होता. म्हणून शिष्यवृत्तीच्या निधीतला एक भाग विद्यापीठाने स्वतः निवडलेल्या प्रश्नासाठी राखून ठेवणे गरजेचे आहे.

दुसरी अडचण गुप्ततेची. कारखान्याचे आकडे गोपनीय असतात, आणि कंपनीचा वकील प्रबंध कपाटात ठेवायला सांगू शकतो. पण प्रबंध छापला गेला नाही, तर त्या मुलाच्या चार वर्षांच्या कामाला विद्येच्या जगात नाव राहत नाही. नीट केलेल्या करारात यावर तोडगा असतो. छापण्याआधी कंपनीला ठरावीक मुदतीत वाचायला द्यायचे. आकडे झाकायचे असतील तर झाकायचे. पेटंट घ्यायचे असेल तर त्या मुदतीत घ्यायचे. पण विज्ञान छापायचेच. न्यूकॅसल विद्यापीठातले ग्रॅम जेम्सन यांनी १९८० च्या दशकात माउंट आयझाच्या फेनतरणाच्या अडचणीवर काम करताना नव्या प्रकारचा घट शोधला. वरून उतरणाऱ्या नळीतल्या गाळाच्या धारेतच हवा ओढली जाते आणि अगदी बारीक बुडबुडे तयार होतात. फिरता भाग एकही नाही. हक्क विद्यापीठाच्या बाजूने राहिले, कंपनीने १९८९ मध्ये ते वापरायचा जागतिक परवाना घेतला, आणि ‘जेम्सन सेल’ तांबे, शिसे, कोळसा अशा कारखान्यांत पसरला. हक्क कोणाचे हे आधी लिहून ठेवले होते, म्हणून पुढे दोघांचाही फायदा झाला.

तिसरी अडचण मंदीची. धातूंचे भाव चढतात आणि पडतात, आणि भाव पडले की कंपनी सर्वांत आधी जे कापते त्यात संशोधन असते. इंडोनेशियातल्या निकेलने बाजार भरून गेला, तेव्हा बीएचपीने २०२४ च्या ऑक्टोबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातला आपला निकेलचा व्यवसाय थांबवला. त्याच वर्षी जानेवारीत अल्कोआ कंपनीने तिथलाच क्विनानाचा अ‍ॅल्युमिना कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले. पीएच.डी. साडेतीन-चार वर्षांची, तर बाजाराची तेजी दीड-दोन वर्षांत विरू शकते. ज्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती एकाच कंपनीवर अवलंबून असेल, तो मध्येच उघडा पडतो. आठ-दहा कंपन्यांच्या सामायिक निधीत एक गळाली तरी काम चालू राहते. पी-९ इतकी दशके टिकण्याचे हे एक मोठे कारण होते.

धनबाद, पुणे, नागपूर

या गोष्टीचा एक धागा थेट भारतात येतो. पी-९ च्या सुरुवातीच्या काळात लिंच यांच्याकडे संशोधन करणाऱ्यांत टी. सी. राव होते. त्यांचा विषय होता हायड्रोसायक्लोन. हे उलट्या शंकूसारखे यंत्र असते. गाळ कडेने जोरात आत शिरतो, गरगर फिरतो, जाड कण खालच्या तोंडातून आणि बारीक कण वरच्या तोंडातून निघतात. कोणता आकार वर जाईल आणि कोणता खाली, हे यंत्राच्या मापांवरून आणि गाळाच्या वेगावरून आधीच सांगता येईल असे समीकरण राव आणि लिंच यांनी दिले. लिंच-राव प्रारूप या नावाने ते आज पाठ्यपुस्तकात आहे. राव भारतात परतले, धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समध्ये त्यांनी विद्यार्थी घडवले आणि पुढे भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे ते संचालक झाले. क्वीन्सलंडच्या खाणींवर उभे राहिलेले काम झारखंडच्या कोळशाच्या धुलाई-कारखान्यांपर्यंत पोहोचले ते अशा परतलेल्या माणसांमुळे.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. उद्योगाच्या पैशातून उच्च शिक्षण ही कल्पना जमशेटजी टाटांनी मुंबईत १८९२ मध्येच विद्यार्थ्यांसाठी निधी काढून रुजवली होती. १९८१ मध्ये पुण्यात टाटा समूहाने संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र सुरू केले. ई. सी. सुब्बाराव हे तिथले पहिले संचालक. खनिज प्रक्रियेचे गणित आणि रसायन हे केंद्राच्या कामातले मोठे अंग राहिले. बर्कलीत विद्यार्थी असताना दुर्मीळ मृदा धातूंच्या खनिजाला हायड्रॉक्सामेट नावाच्या रसायनाने कसे तरंगवता येईल याचा अभ्यास करणारे प्रदीप पुढे याच केंद्रात आले. आज दुर्मीळ मृदा धातूंसाठी देशोदेशी धावपळ चालली आहे. या धातूंच्या खनिजाला फेसावर चढवताना आज जी रसायने महत्त्वाची मानली जातात, त्यात हायड्रॉक्सामेट आहे. विद्यार्थिदशेतला पायाभूत अभ्यास कधी उपयोगी पडेल हे पैसा देताना कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तो निव्वळ पुढच्या तिमाहीच्या मापाने मोजू नये.

नागपूर तर या क्षेत्राची राजधानी व्हावी असे शहर आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय तिथे, हिंगण्याला ब्युरोची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा, वाडीला अ‍ॅल्युमिनिअमचे जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र, धातुशास्त्र शिकवणारी व्हीएनआयटी, आणि तासाभराच्या अंतरावर मॉइल कंपनीच्या मँगनीजच्या खाणी. रामटेक आणि भंडाऱ्याच्या बाजूला शंभराहून अधिक वर्षे मँगनीज निघत आहे. चांगल्या प्रतीचा माल आधी उचलला गेला आणि हलक्या प्रतीचा मागे उरला. त्यातून मँगनीज कसे काढायचे हा अगदी पी-९ च्या जातीचा प्रश्न आहे. गोव्यात डिचोली, सांगे भागांत लोहखनिज धुतल्यावर उरलेल्या गाळाची तळी आहेत. त्या बारीक गाळात लोह आहे, पण ते परवडेल असे कसे काढायचे, आणि तळ्याखालची शेती कशी वाचवायची, हे दोन्ही प्रश्न एकाच संशोधकाने हाताळावेत असे आहेत.

देशात योजनाही आहेत. २०१२ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीच्या एका योजनेत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा खर्च सरकार आणि कंपनीने अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने महत्त्वाच्या खनिजांसाठी १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्याखाली उत्कृष्टता केंद्रे म्हणून ज्या संस्था निवडल्या गेल्या, त्यांत आयआयटी मुंबई आहे. पैशाचा प्रश्न पूर्वीइतका राहिलेला नाही. कमी आहे ती कारखान्याचे दार उघडण्याची सवय. आपल्याकडे विद्यार्थ्याला बहुतेक वेळा पोत्यात भरलेला नमुना पाठवला जातो, आणि कारखाना त्याला पाहायला मिळतो तो सहलीच्या दिवशी, हेल्मेट घालून, लांबून.

म्हणून विदर्भातली किंवा गोव्यातली एखादी खाणकंपनी उद्या अशी शिष्यवृत्ती काढणार असेल, तर तिने तीन गोष्टी करारात लिहाव्यात. एक, विद्यार्थ्याला वर्षातले किमान काही महिने कारखान्यात काम करता येईल आणि त्याच्या सर्व्हेसाठी पट्टा थांबवला जाईल. दोन, निधी एकट्या कंपनीचा नसेल. शेजारच्या कंपन्या, अगदी स्पर्धक असल्या तरी, त्यात असतील आणि भाव पडले तरी सुरू झालेली पीएच.डी. पूर्ण होईपर्यंत पैसा चालू राहील. तीन, प्रबंध छापला जाईल आणि निधीचा एक हिस्सा गाळ, पाणी आणि खाणीच्या खालच्या बाजूला राहणाऱ्या लोकांच्या प्रश्नांसाठी राखलेला असेल. मेलबर्न आणि ब्रिस्बेनच्या अनुभवातून घेण्यासारखे एवढे आहे, आणि ते आपल्या आवाक्यातले आहे. नागपूर ते भंडारा अंतर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. ब्रिस्बेनच्या विद्यार्थ्यांना माउंट आयझा गाठायला त्याच्या पंचवीसपटीहून जास्त वाट तुडवावी लागली, आणि त्यांनी ती तुडवली.